पुठ्ठेकाकांच्या मुलीचे पेपर

आमच्या वाचनालयात वाचायला येणारे कमी आणि पंख्याखाली बसायला येणारे जास्त. कोणी मासिक तोंडावर घेऊन घोरतो, कोणी शब्दकोडं सोडवून झालं की ते पान गुपचूप फाडून खिशात घालतो, कोणाला नुसतं हातपाय धुवायला नळ हवा असतो. मी तिथल्या संगणक विभागाची बाई. विभाग म्हणजे भिंतीला लावलेली चार यंत्रं, त्यातलं एक कायम आजारी. माझं डोकं लवकर तापतं असं लोक म्हणतात. दिवसभर त्याच त्या माणसांना तेच ते सांगून बघा आणि मग बोला.

पुठ्ठेकाका पहिल्यांदा आले तेव्हा तेही पंख्यासाठीच आले असणार असं धरून मी मान वर केली नाही. ते माझ्या टेबलापाशी उभेच राहिले. नखात वाळलेली खळ, शर्टाच्या बाहीला काळ्या रेक्झिनचा एक तुकडा चिकटलेला. मग मी ओळखलं. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. शहरात ज्याने म्हणून डॉक्टरेट केली त्याचा प्रबंध त्यांच्याच हाताखालून गेलेला. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. आत काय लिहिलंय ते त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. "आतलं ज्याचं त्याने बघावं, कणा सरळ आला पाहिजे एवढं माझं," असं ते म्हणायचे. पुठ्ठेकाका हे नाव पोरांनी पाडलेलं, आणि ते त्यांना इतकं चिकटलं होतं की दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव कोणी वाचत नसे.

त्यांनी विचारलं, एखाद्या माणसाने केलेलं संशोधन संगणकावर सापडतं म्हणतात, तर माझ्या मुलीचं शोधून द्याल का. मी म्हटलं, मुलीलाच विचारा की, ती चार ओळींत सांगेल.

"ती माझ्याशी बोलत नाही," काका म्हणाले.

मी खुर्ची सरकवून दिली.

त्यांची गोष्ट मला एकदम नाही कळली. दर बुधवारी दुकान बंद असायचं, तेव्हा ते यायचे, आणि यंत्र सुरू व्हायला जो वेळ लागतो त्यात थोडी थोडी सांगायचे. एकुलती एक लेक. दुकानातल्या कातरणांच्या ढिगावर बसून वाढलेली. काका प्रबंध शिवायला घेत त्याआधी ही सुटी पानं वाचून काढायची, आणि पानांचा क्रम चुकवते म्हणून ओरडा खायची. मोठी झाल्यावर तिने विषय कोणता घ्यावा? कडधान्यातले भुंगे. तिच्या आईचा अर्धा जन्म डाळी आणि मूग-चवळी उन्हात घालून भुंगे घालवण्यात गेला होता. लेक दुसऱ्या शहरातल्या संस्थेत बरण्यांमध्ये तेच भुंगे पाळू लागली, तेव्हा आई नातेवाइकांना हसत हसत सांगायची, "मी मारते आणि ही पाळते."

मग आई आजारी पडली, आणि पाहता पाहता हाताबाहेर गेली. त्या भुंग्याचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. अंडी घालायचे दिवस चुकले की सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा. लेकीने फोनवर सांगितलं, एवढी एक फेरी संपवते आणि येते. ती आली तेव्हा आईला नेऊन झालं होतं. घर माणसांनी भरलेलं. दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला काका सगळ्यांदेखत म्हणाले, तुझ्या कागदांनी आईला खाल्लं, मला परत तोंड दाखवू नकोस.

रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो. मुलंही ते सोडून देतात, दोन-चार महिने फुगून बसतात आणि मग फोन करतात. ही मुलगी शब्दाची पक्की निघाली. तिने खरंच तोंड दाखवलं नाही. नंबर बदलला, राहती खोली बदलली. पुढे त्या शहरातल्या एका बाइंडरने, ज्याची आणि काकांची सोनेरी फॉइलच्या व्यापाऱ्याकडे ओळख झाली होती, त्यांना कळवलं की तुमच्या मुलीचा प्रबंध माझ्याकडे आला होता. साऱ्या दुनियेचे प्रबंध बांधणाऱ्याच्या मुलीने आपला प्रबंध परक्याकडून बांधून घेतला. काकांनी त्याला एवढंच विचारलं, कणा सरळ आला ना.

तर पहिल्या बुधवारी आम्ही तिचं नाव संशोधनाच्या शोधपानावर टाकलं आणि धडाधड पेपर आले. काकांचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. सगळे अक्कलदाढेवर होते. "भुंगे सोडून दातांकडे वळली असेल," ते म्हणाले, आणि दोन आठवडे अक्कलदाढेवरचे ते पेपर शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत बसले. शेवटी त्या दंतवैद्य बाईंचा फोटो सापडला. बाई काकांपेक्षाही वयाने मोठ्या होत्या.

मी चिडले. चिडले म्हणजे नीट शिकवायला बसले. नुसतं नाव टाकू नका, नावापुढे संस्था टाका, विषय टाका. पेपरचं शीर्षक दिसलं की उजव्या बाजूला बघा, तिथे कधी कधी फुकट प्रत असते. नसेल तर खाली "सर्व आवृत्त्या" असं येतं, त्यात लेखकाने छापायच्या आधी स्वतः चढवलेली प्रत सापडते. विद्यापीठांचे प्रबंधांचे साठे वेगळे, तिथे वेगळं शोधायचं. आणि नावावर गजर लावून ठेवायचा, म्हणजे नवा पेपर आला की आपोआप कळतं. ज्या माणसाने आयुष्यात प्रबंधाचं पान उलटून वाचलं नव्हतं तो आता सारांश कुठे संपतो, पद्धती कुठे सुरू होतात, शेवटी आभार कोणाचे मानलेत, हे बोट ठेवून दाखवू लागला. कळायचं त्यातलं थोडंच. पण आभाराचा परिच्छेद ते कधी चुकवत नसत. त्यात घरच्या कोणाचं नाव नसायचं.

काही पेपरांना मात्र कुलूप होतं. सारांश दिसायचा आणि पुढे दार बंद. काका म्हणाले, बापाला लेकीचं लिहिलेलं वाचायला परवानगी लागते होय? मी त्यांना संशोधकांमधली एक रीत सांगितली. पेपर बंद असला तरी लिहिणाऱ्याकडे स्वतःची प्रत असतेच. त्याला निरोप पाठवून मागायची. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण त्यांचं लिहिलेलं वाचायला मागणारे जगात फारसे नसतात. लेखकांची खाती असतात त्या संकेतस्थळावर त्यासाठी बटणच असतं, "लेखकाकडे प्रत मागा".

काका एकदम मागे सरकले. "म्हणजे तिला कळेल?"

कळणार नाही, मी म्हटलं. खातं वाचनालयाचं आहे, तिला फक्त एक वाचक दिसेल. ते बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसले. तिच्या नावाशेजारी तिचा फोटो होता, उन्हाने डोळे बारीक केलेले, डोक्यावर गवती टोपी. मग त्यांनी मला दाबायला सांगितलं. स्वतः नाही दाबलं.

पुढच्या बुधवारी उत्तर येऊन पडलं होतं. आमच्या कामात रस घेतल्याबद्दल आभार, प्रत सोबत जोडली आहे, काही शंका असल्यास जरूर विचारा. कोणीही कोणालाही लिहील अशा इंग्रजी तीन ओळी. काकांनी त्या माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या. एरवी मी एवढं कोणाचं ऐकत नाही.

मग शंका सुरू झाल्या. ते मला सांगत, मी इंग्रजीत लिहून पाठवत असे. एका दाण्यावर आधीच दुसरीने अंडं घातलंय हे मादीला कसं कळतं? उत्तर चांगलं पानभर आलं, सुरुवातीलाच लिहिलं होतं की हा प्रश्न विचारल्याचा फार आनंद झाला. मादी दाणा पायांनी आणि तोंडाजवळच्या मिशांनी चाचपते, आधीचीने मागे ठेवलेला वास तिला लागतो, आणि ती पुढचा दाणा शोधते. काका हरखून गेले. घरी तिने कधी असं समजावून सांगितलं नाही, म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं होतं?" माझ्या तोंडून गेलं.

"नाही," ते म्हणाले.

पुढचा प्रश्न त्यांनी घरून ठरवूनच आणला. सगळेच दाणे भरलेले असतील तर मादी काय करते? उत्तर आलं, वाट बघते. अंडी पोटात धरून ठेवता येतील तेवढी धरते. काही तशाच मरतात, काही शेवटी नाइलाजाने भरलेल्याच दाण्यावर घालतात, आणि मग बहुतेक वेळा दोघांतलं एकच बाहेर येतं. काकांनी चष्मा काढून पुसला.

हे असं बरेच महिने चाललं. मी त्यांच्या मागे लागले होते की आता सांगून टाका. माणूस एवढं आपुलकीने लिहितंय, आणि तुम्ही आडून आडून काय खेळताय? काका म्हणायचे, वाचकाला ती उत्तर देते, बापाला देईल का? देणार नाही, मग हेही जाईल. तिच्या संस्थेत जाऊन उभा राहिलो आणि तिने तोंड फिरवलं, तर कुठे जाऊ? मी म्हणायचे, मग काय जन्मभर भुंग्यांच्या मिशांवर बोलणार? एकदा मी फारच टोचून बोलले, तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं.

आजारपणाच्या शेवटच्या दिवसांत काका लेकीला निकडीने बोलावून घ्यायला निघाले होते, फोन हातात होता. बायकोने तो काढून घेतला. म्हणाली, तिचे भुंगे अंडी घालतायत, तिला आता हलवू नका. तिने जन्मभर माझ्यासारखी डाळ निवडत बसायला नको. मी वाट बघीन.

"तिचं थांबणं आईलाच हवं होतं आणि तिला ते माहीत नाही," काका म्हणाले. "तिला वाटतंय आपल्यामुळे. मीच तसं म्हणालो. हे एवढं तिला सांगायचंय, बाई. पण असल्या गोष्टी बटण दाबून सांगायच्या नसतात. समोर बसून सांगायच्या असतात."

त्यानंतर मी त्यांना टोचणं सोडलं. मलाही वाटलं, समोर बसूनच सांगावं.

मधल्या काळात नवे पेपर येत राहिले. गजर वाजला की काका उजळायचे. पेपर आला म्हणजे लेक ठीक आहे, जेवतेखाते आहे, कामावर जाते आहे, असा त्यांचा हिशेब. फक्त एक गोष्ट बदलली होती. आधी तिचं नाव लेखकांच्या ओळीत पहिलं असायचं, आता ते दुसऱ्या-तिसऱ्या जागी सरकलं होतं. मी ते दाखवलं तर काका हसले. आमच्या धंद्यातही तसंच आहे, म्हणाले, माणूस वर चढला की खळीत हात घालत नाही, खालचे घालतात. बढती झाली असणार तिची. मला ते पटलं. मला संशोधनाच्या जगातलं शोधायचं कसं ते कळतं, आत काय चालतं ते कुठे कळतं!

सगळे पेपर छापून त्यांनी त्यांचा एक खंड बांधला. काळं नाही, हिरवं कापड. दाखवायला आणला तेव्हा मी पाहिलं, पाठीमागे कण्यात नुसत्याच कागदी पट्ट्या शिवलेल्या होत्या. हे काय, म्हटलं, एवढी जागा वाया घालवलीत. ते म्हणाले, पुढचे पेपर आले की त्या पट्ट्यांना चिकटवायचे, म्हणजे खंड उसवावा लागत नाही.

आणि मग बातमी आली. कीटकशास्त्रज्ञांची परिषद यंदा आमच्याच शहरात, आमच्याच विद्यापीठात भरणार होती. कार्यक्रम संगणकावर चढला होता आणि त्यात तिच्या संस्थेचं भित्तिपत्रक होतं, लेखकांत तिचं नाव होतं. काकांनी वाचक म्हणून विचारलं, आपण येणार का. उत्तर आलं, आमची प्रयोगशाळा येणार आहे, भित्तिपत्रकापाशी जरूर या, आपल्याला भेटून फार आनंद होईल.

भेटून फार आनंद होईल. काका ते वाक्य म्हणत वाचनालयाच्या पायऱ्या उतरले.

परिषदेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, कारण एकट्याने जायला ते तयार नव्हते. केस कापलेले, इस्त्रीचा शर्ट, नखं घासघासून साफ केलेली. वाटेत माझ्याशी त्यांनी सराव केला. आधी आईचं सांगायचं की आधी माफी मागायची? मी म्हटलं, आधी आईचं. ते म्हणाले, हो, तेच बरं, माफी मागायला लागलो की माझं बोलणं मोडतं.

मोठ्या सभागृहात लाकडी फळ्यांवर भित्तिपत्रकं टोचलेली होती. प्रत्येकापुढे एक जण गळ्यात बिल्ला घालून उभा, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आशेने बघणारा. बहुतेक लोक चहाच्या टेबलाकडे चालले होते. आम्हाला क्रमांक सापडला. फळीकडे तोंड करून एक मुलगी वरचा कोपरा नीट टोचत होती, पाठीवर वेणी. काका जागच्या जागी थांबले. मुलगी वळली. ती दुसरीच होती. पुष्कळ लहान, ठेंगणी, जाड चष्म्याची.

मी पुढे होऊन सांगितलं की आम्ही वाचनालयातून आलोय. तिने टाचण्यांची डबी खाली ठेवली.

"म्हणजे ते प्रश्न विचारणारे तुम्हीच?" ती काकांना म्हणाली. "काका, तुमची उत्तरं मीच लिहीत होते. आमच्या कामाबद्दल बाहेरच्या कोणी विचारलेले ते पहिलेच प्रश्न. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलेत."

काकांनी हळूच विचारलं, आणि त्या? ज्यांच्या नावाचं खातं आहे त्या?

त्या ताईने काम सोडून खूप दिवस झाले, तिने मोकळेपणाने सांगितलं. जाताना ताईने खातं प्रयोगशाळेच्या हवाली केलं, प्रत मागणारा कोणी रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून. प्रयोग सगळे तिचे, आकडे तिचे. त्यावर अजून पेपर निघतायत, म्हणून नाव असतं. छापून यायलाही वर्ष-वर्ष लागतं. एक दिवस तिने सगळ्या बरण्या धुतल्या, पुसल्या, उपड्या घालून ठेवल्या आणि गेली. आता बरण्यांकडे बघवत नाही, म्हणाली. कुठे गेली ते कोणाला माहीत नाही. फोन लागत नाही.

"घरी कळवलं असेल तिने," काका म्हणाले.

"घरी कोणी नाही म्हणायची," मुलगी म्हणाली.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या पोरीचा काय दोष? ती इतकी खुशीत होती की तिला समोरच्या माणसाचा चेहरा दिसला नाही. काकांनी ओळख दिली नाही. ती भित्तिपत्रक समजावून सांगू लागली आणि ते उभ्याने सगळं ऐकत राहिले, हात मागे बांधून, अधूनमधून मान हलवत. मध्ये त्यांनी एक प्रश्नही विचारला. मी बाजूच्या फळीवरचं काहीतरी वाचायचं सोंग करत होते, एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

निघताना त्यांनी पिशवीतून हिरवा खंड काढून तिच्या हातात दिला. तिला वाटलं, प्रयोगशाळेला भेट आणलीय. तिने तो उघडला, पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, या कशाला?

"पुढचे तुमचे येतील ना," काका म्हणाले. "जागा आहे."

परतताना त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर काका म्हणाले, बाई, तुमची अर्धी रजा फुकट गेली. मी काहीतरी वेडंवाकडं उत्तर दिलं आणि घरी येऊन दार लावून रडले.

पुढच्या बुधवारी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. आले. नेहमीच्या खुर्चीत बसले. मी सवयीने शोधपान उघडून दिलं, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"पेपर लिहीत नाही असं माणूस शोधायचं तर नाव कुठे टाकायचं?" त्यांनी विचारलं.

मला जिथे जिथे सुचलं तिथे मी टाकलं. सगळीकडून तेच वर आलं, तिचे जुने पेपर, तीच गवती टोपी. भुंग्यांचा शब्द न् शब्द सापडत होता आणि ती कुठे राहते, काय करते, आहे की नाही, एवढं सांगणारी एक ओळ नव्हती. मी त्यांना कितीतरी युक्त्या शिकवल्या होत्या. यासाठी माझ्यापाशी एकही नव्हती.

मग ते म्हणाले, तिच्या त्या खात्यावरच एक निरोप पाठवायचाय. मी म्हटलं, काका, तो ती चष्म्याची मुलगी वाचेल. ते म्हणाले, वाचू दे. माणूस कधीतरी आपलं जुनं नाव बघायला येतंच. मी म्हटलं, असल्या गोष्टी समोर बसून सांगायच्या असतात असं तुम्हीच म्हणाला होतात. हे बोलल्याबरोबर मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

"समोर कोणी असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले.

या वेळी मी इंग्रजीत केलं नाही. ते बोलत गेले तसं लिहिलं. मी बाबा. इतके दिवस प्रश्न विचारत होतो तो मीच. आईनेच मला तुला बोलावू दिलं नाही. तिचे भुंगे अंडी घालतायत, तिला हलवू नका, असं म्हणाली. वाट बघीन म्हणाली. तुझी चूक नव्हती, माझी होती. मी तेव्हा बोललो त्यातलं काही खरं नव्हतं. घरी मी आहे.

शेवटचं वाक्य सांगून ते थांबले, आणि पुसून टाका म्हणाले. मग परत असू द्या म्हणाले. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. तिच्या नावाने, तिच्या फोटोशेजारी. काका, मी अमुक, भित्तिपत्रकापाशी भेटलेली, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं, मी काय काय बोलले, मला माफ करा. ताईचा ठावठिकाणा मी विचारते आहे, अजून कोणाकडून लागलेला नाही. तुमचा निरोप मी पुसणार नाही. मी तो वाचला, पण तो माझ्यासाठी नव्हता. म्हणून परत "न वाचलेला" अशी खूण करून ठेवला आहे. खात्याचा पासवर्ड अजून ताईचाच आहे, तिने ते उघडलं तर तो ताजाच दिसेल. आणि दर आठवड्याला तो तसाच आहे की उघडला गेलाय, हे मी कळवत जाईन.

ती शब्दाला जागली. बुधवारी सकाळी तिची एक ओळ येऊन पडलेली असते. काका येतात, खुर्चीत बसतात, यंत्र सुरू व्हायची वाट बघतात. नवे पेपर आता ते शोधत नाहीत. मला एकच प्रश्न विचारतात, वाचलाय का कोणी. आणि एक गोष्ट दोनदा सांगावी लागली की जिचं डोकं फिरतं ती मी, दर बुधवारी न चिडता सांगते, नाही काका, अजून नाही.